कोऱ्या पाठीची गाडी

नवी गाडी दिसली की माणसं तिचा रंग बघतात, किंमत विचारतात, दार उघडून आतला वास घेतात. मी मागे जाऊन तिची पाठ बघतो. काचेच्या कोपऱ्यात शोरूमचं नाव असतं, डिकीवर पुन्हा तेच असतं, आणि नंबरप्लेटभोवती जी काळी प्लास्टिकची चौकट बसवतात तिच्यावरही तेच, फोन नंबरासकट. ज्यानं गाडीसाठी पैसे मोजले त्याचं नाव मात्र कुठंच नसतं. तो बिचारा शोरूमची जाहिरात भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत स्वतःचं पेट्रोल जाळून फिरवत असतो, आणि वर पेढे वाटतो.

गाड्यांच्या मागे जाऊन उभं राहायची ही खोड मला आमच्या दवाखान्यातल्या रामटेके सिस्टरनी लावली. त्यांची गोष्ट सांगताना एका शोरूमचा विषय येणार आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. कोणाची भीती आहे असं नाही. सिस्टरच्या कानावर गेलं तर त्या म्हणतील, परातेभाऊ, फुकटची जाहिरात केली तुम्ही. आणि त्यांचं बोलणं ऐकून घ्यायची माझी तयारी तेव्हाही नव्हती, आजही नाही.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्हा आरोग्य खात्यातल्या लोकांना विचारलं होतं, इकडे राहता की तिकडे जाता. मी पवनीचा, कोष्ट्याच्या घरचा. इकडेच राहिलो आणि कारध्याच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात औषधं वाटायला येऊन बसलो. पहिल्याच दिवशी एक ठेंगणी, सावळी बाई चपला वाजवत आत आली. हातात कापडी पिशवी होती, पण उलटी. शिवण बाहेर, दोरे लोंबताहेत. मी नवा माणूस, चांगुलपणा दाखवावा म्हणून सांगितलं की ताई, पिशवी उलटी झाली तुमची.

"झाली नाही, मीनं केली," त्या म्हणाल्या. "साडीच्या दुकानवाल्यानं आपलं नाव छापून देल्लं. त्याचं नाव घेऊन मी गावोगाव फिरू काय? पगार देते का तो मले?"

मी गोळ्या मोजायला लागलो. पुढे बरीच वर्षं त्यांच्यासमोर मी बहुतेक गोळ्याच मोजल्या.

सिस्टरच्या टेबलावर एक कात्री असायची. ती बँडेजसाठी होती, पण तिचं खरं काम वेगळं होतं. नव्या वर्षाला किराणा दुकानातून कॅलेंडर आलं की सिस्टर आधी त्याचा खालचा पट्टा कापून टाकत. तारखा ठेवत, दुकान केराच्या टोपलीत जाई. त्यांच्या मोपेडच्या मागच्या चाकावर विक्रेत्याच्या नावाचं रबर लोंबत होतं. तेही त्याच कात्रीनं कापलं. पावसाळ्यात पाठीवर चिखल उडायचा. पांढऱ्या साडीवर चिखलाची रेघ घेऊन त्या उपकेंद्रात पोचत आणि तशाच लस टोचायला बसत. नवं साधं रबर लावून घ्या म्हटलं तर म्हणत, बाजारात बिननावाचं मिळतच नाही, धुऊन निघते चिखल, नाव निघत नाही. बाईंचं डोकं जरा फिरलेलं आहे असं आमच्या शिपायाचं मत होतं. तो ते हळू आवाजात सांगे, कारण त्याच्या पोरीला दोन रात्री जागून वाचवलं होतं ते याच बाईंनी.

त्यांचा हिशेब मात्र पक्का होता. ज्यानं वस्तू बनवली त्याच्या नावाला त्यांची हरकत नव्हती. मोपेडवर कंपनीचं नाव होतं, त्याला त्यांनी कधी हात लावला नाही. घरी लग्नातल्या आहेराची पितळी भांडी होती, भंडाऱ्याचीच, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांवर देणाऱ्याचं नाव ठोकलेलं होतं. ती त्यांनी माळ्यावर टाकली होती. त्यांचं म्हणणं, कासारानं दिवसभर ठोकून पाण्याचा गुंड बनवला त्याचं नाव त्यावर नाही, आणि ज्यानं फक्त दुकानातून उचलून आणला त्याचं आहे. हे ऐकल्यावर मला आमच्या पवनीच्या घरातला माग आठवला. साडी विणायची माझ्या बापानं आणि घडीवर कागद चिकटायचा व्यापाऱ्याचा. आम्हाला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. उलट कागद चांगला चकचकीत आला की माझी आई खूष व्हायची.

पोलिओच्या रविवारी एकदा गावातले एक पुढारी स्वतःच्या फोटोचा कापडी फलक घेऊन आले आणि बूथवर बांधायला लागले. सिस्टरनी बांधू दिला. ते जरा बाजूला झाले तशी फलक उतरवला, फोटो खाली येईल असा टेबलावर अंथरला आणि त्यावर लसीचा डबा ठेवला. पुढारी भडकले. सिस्टर डोकं वर न करता एका पोराचं तोंड उघडून थेंब टाकत होत्या. "लस सरकारची, पोट्टे लोकांचे," त्या म्हणाल्या, "तुमचं काय आहे ह्याच्यात? टेबल खराब होऊन राहिला होता, तेवढं काम झालं तुमचं." त्यांची बदली करू अशी धमकी मिळाली. ती कधी झाली नाही, कारण त्या खेड्यांमध्ये जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

बरं, हे सगळं स्वतःचं नाव व्हावं म्हणून होतं म्हणावं तर तेही नाही. बाळंतिणीसोबत येणाऱ्या बायकांना व्हरांड्यात बसायला जागा नसे म्हणून सिस्टरनी स्वतःच्या पगारातून एक बाक करून आणला. गावकऱ्यांनी हौसेनं त्यावर त्यांचं नाव रंगवायला माणूस आणला तर त्याला चहा पाजून परत पाठवला.

एका उन्हाळ्यात दुपारी दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी चिडवायला म्हणून विचारलं, सिस्टर, एका कागदाच्या तुकड्यावर एवढा कायचा राग? त्या हसल्या नाहीत. कात्री बाजूला ठेवून त्यांनी आंबागडची गोष्ट सांगितली.

त्यांचे वडील आंबागडच्या मालगुजाराचे गाडीवान होते. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण गावात माणूस तोच आणि मानही तोच. मालाच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात त्याचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. बरीच वर्षं राबल्यावर ती जुनी बंडी आणि एक म्हातारी बैलजोडी त्यानं मजुरीच्या बदल्यात वडिलांना देऊन टाकली, पण फळीवरचं नाव तसंच राहू दे म्हणाला. नाव राहिलं. बंडी यांची झाली तरी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तिला मालगुजाराचीच म्हणायचा. धम्मदीक्षेच्या वर्षी वडिलांनी घरातले देव नेऊन नदीत सोडले, त्याला ते कोणाला भ्याले नाहीत. फळीवरचं नाव खरवडायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

मग ते आजारी पडले. त्यांना त्याच बंडीत निजवून तुमसरच्या दवाखान्यात नेत होते. शेजारी सिस्टरची माय, गिरजाबाई, आणि पायाशी लहानगी निर्मला. रस्त्यात जो भेटेल तो विचारत होता, मालगुजाराची बंडी कुठं चालली? आत कोण आहे हे कोणी विचारलं नाही. वडील ते ऐकत ऐकत गेले. दवाखाना आलाच नाही.

माती झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईनं विळा घेतला आणि फळी खरवडायला बसली. मालगुजाराचा माणूस धावत आला. कोणी केलं हे, असं त्यानं विचारलं. "मीनं केलं," ती म्हणाली. "बंडी आमची होय."

त्या वर्षी धान कापायला गावात तिला कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या गावी चालत जाऊन तिनं मजुरी केली. पोट भरेना तेव्हा बैल विकले. बंडी अंगणात उभी राहून पावसात कुजली. "नाव खोडलं मायनं," सिस्टर म्हणाल्या, "पण त्या कोऱ्या बंडीत बसून एक दिवस कुठं गेली नाही. माझ्या मनात तेवढंच आहे, परातेभाऊ. माय आहे तोवर तिले आपल्या गाडीत बसवायचं. कोणाचं नाव नसलेल्या."

यानंतर मी त्यांना चिडवलं नाही, निदान त्या विषयावरून.

सिस्टरनी लग्न केलं नव्हतं. निवृत्ती जवळ आली तेव्हा कारध्याला छोटं घर बांधून झालं होतं आणि गिरजाबाई तिथं राहायला आल्या होत्या. ऐंशीच्या पुढं गेलेल्या, काटकुळ्या, कानानं तेज. पण चार पावलं चालल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं की हृदयात आता फार दम नाही. त्याच आठवड्यात सिस्टर गाडी शिकायला जाऊ लागल्या. भंडाऱ्याच्या महामार्गावरच्या शोरूममध्ये पांढरी छोटी गाडी ठरवली तेव्हाच त्यांनी मॅनेजरला बजावलं होतं की माझ्या गाडीवर तुमचं काही चिकटवायचं नाही. तो हो मॅडम, हो मॅडम म्हणाला होता. मी साक्षीला होतो.

गाडी घ्यायच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. गिरजाबाई नवं लुगडं नेसल्या होत्या आणि पदरात शेवंतीची माळ बांधून आणली होती. शोरूमवाल्यांचा सगळा थाट तयार होता. गाडीवर लाल कापड, बाजूला केक, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली, फोटो काढणारा. कुंकवाचं ताट घेऊन एक मुलगी पुढं आली, तिला सिस्टरनी गोड बोलून परत पाठवलं. कापड ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरजाबाईंनी माळ आरशाला बांधली, हात जोडले, त्रिशरण म्हटलं आणि गाडीला हात लावत लावत एक फेरी मारली. मागे पोचल्यावर थांबल्या.

"निर्मला, हे का लिहून आहे वं?"

लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. पण गाडीच्या पाठीवर अक्षरं आहेत एवढं कळायला शाळा लागत नाही. काचेवर होतं, डिकीवर होतं, चौकटीवर होतं.

"दुकानाचं नाव आहे, माय."

"मंग गाडी त्याहीची होय का आपली?"

सिस्टरचा चेहरा मी पोलिओच्या बूथवर पाहिला होता, त्यापेक्षा हा वेगळा होता. त्या वळल्या आणि मॅनेजरला म्हणाल्या की हे काढा.

मॅनेजर नागपूरचा, टाय लावलेला, आवाजात साखर. त्याचं म्हणणं की मॅडम, सगळ्यांच्याच गाडीवर असते, वरून आदेश आहे, काढताना रंग गेला तर जबाबदारी कोणाची, पहिल्या सर्व्हिसिंगला आणा, तेव्हा बघू. शेवटी म्हणाला, "इसमें तो शान है मॅडम. लोकांना कळते, कुठून घेतली."

"कंपनीचं नाव समोर आहे, ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "तिनं बनवली. तुम्ही काय बनवलं? तीस वर्षं मी बाळंतपणं केली, साहेब. एका पोराच्या पाठीवर माझं नाव चिटकवलं नाही."

मॅनेजर हसला, आणि तिथंच चुकला. सिस्टरनी पुठ्ठ्याची किल्ली टेबलावर ठेवली, खरी किल्ली तिच्यावर ठेवली आणि समोरच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. गाडी अशी नेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. एसटीनं आलो, एसटीनं जाऊ. पैसे भरून झालेले, कागद झालेले, म्हातारी माय दारात उभी. ही बाई जाऊन जाऊन जाणार कुठं, असं मॅनेजरला वाटलं असावं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ते गिऱ्हाईक सहकुटुंब आलं होतं आणि आमच्यामुळे आपला मुहूर्त टळतोय म्हणून कुरकुरत होतं. मी सिस्टरजवळ जाऊन हळूच म्हटलं, आज नेऊ, घरी गेल्यावर काढून टाकू, आजींना धाप लागून राहिली.

"त्यानं चिटकवलं, त्यानं काढायचं," त्या म्हणाल्या. "घरापर्यंत माय त्याच्या नावानं काहून जाईल? एकदा गेली ना तशी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्या पुसत नव्हत्या.

खरी पंचाईत तिथं होती. रागाच्या भरात आज परत फिरलो तर गिरजाबाईंना पुन्हा इथवर आणणं होईल की नाही, हे सिस्टरना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

उठल्या त्या गिरजाबाई. त्यांना खुर्ची दिली होती, ती सोडून त्या गाडीच्या मागे गेल्या, खाली वाकल्या आणि डिकीवरचा कागद अंगठ्याच्या नखानं खरवडायला लागल्या. शोरूमचा एक माणूस धावला. आजी, ओरखडा पडते, नवी गाडी आहे, असं म्हणत राहिला, पण म्हाताऱ्या बाईचा हात धरायची हिंमत त्याला झाली नाही.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "गाडी आमची होय."

आवाज मोठा नव्हता, धापेत अर्धा बुडालेला होता. पण सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. हे वाक्य त्यांनी लहानपणी एकदा ऐकलं होतं. त्या जाऊन मायच्या बाजूला बसल्या, शोरूमच्या चकाचक फरशीवर मांडी घालून, आणि त्या कागदाचं दुसरं टोक खरवडायला लागल्या, मग उभं राहून काचेवरचा. तिथं जमलेली सगळी माणसं बघत राहिली. मग मागच्या वर्कशॉपमधून हाताला ग्रीस लागलेला एक मिस्त्री पेचकस घेऊन आला. कोणाला न विचारता त्यानं चौकटीचे स्क्रू काढले, नंबरप्लेट पुन्हा साधी बसवली आणि आला तसा निघून गेला. मॅनेजरनं त्याला अडवलं नाही.

दोन्ही कागद निघाले. गिरजाबाईंच्या हातातल्या कड्यानं डिकीवर बोटभर ओरखडा पडला होता. त्यांनी त्या चिकट कागदांचा गोळा केला, हळूहळू चालत मॅनेजरपर्यंत गेल्या आणि त्याच्या हातात ठेवला. "हे घे बापा," त्या म्हणाल्या. "तुझं आहे."

येताना सिस्टरनी गाडी इतकी हळू चालवली की सायकली पुढं जात होत्या. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याच्या बाजूला आलो तेव्हा गिरजाबाईंनी थांबवायला सांगितलं. त्या उतरल्या, मागे गेल्या, गाडीच्या कोऱ्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि पुन्हा येऊन बसल्या. कोणी विचारलं तर सांगजो, कोणाची होय ते, एवढंच लेकीला म्हणाल्या. कोणी विचारलं नाही. पण मायलेकी त्या दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईला, म्हणजे जत्रांना, त्या गाडीतून फिरल्या. आंबागडलाही गेल्या. मालगुजाराच्या घरासमोरून सिस्टरनी उगाचच दोनदा गाडी नेली, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना लहान मुलीसारख्या हसल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी गिरजाबाई गेल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेताना त्या याच गाडीत होत्या.

त्यानंतर सिस्टर निवृत्त झाल्या, माझी भेट कमी झाली. शेवटचं पाहिलं ते असंच, ध्यानीमनी नसताना. मी भंडाऱ्याहून स्कूटरवरून कारध्याकडे जात होतो. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी उभी, आणि मागे एक ठेंगणी बाई वाकून काहीतरी करते आहे. जवळ गेलो. त्याच शोरूममधून सर्व्हिसिंग करून आणली होती. तिथल्या लोकांनी मायच्या हातचा ओरखडा घासून, रंग लावून फुकटात नाहीसा करून देतो म्हटलं होतं, त्याला सिस्टरनी बोटही लावू दिलं नव्हतं. मग धुताना त्यांच्या नकळत कोणीतरी शोरूमचा नवा कागद चिकटवला होता. नेमका त्या ओरखड्यावर.

मी खिशातलं नाणं काढून पुढं केलं, म्हटलं ह्यानं खरवडा, लवकर निघेल.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "नखं आहेत मले."

मी उभा राहिलो. नख तुटलं तेव्हा त्यांनी दुसरं बोट लावलं. कागद सोलत गेला आणि खालून ओरखडा पुन्हा दिसायला लागला. त्यावर त्यांनी पदरानं पुसलं, अगदी हळू. मग कागदाचा गोळा मुठीत धरून त्या गाडीत बसल्या. घर पुलापलीकडे, समोर दिसत होतं. मी म्हटलं, चला, चहा पाजा आता.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "हे ज्याचं त्याले देऊन येतो."

आणि त्यांनी गाडी भंडाऱ्याच्या दिशेनं वळवली.